हौसेचे मोल : जुन्या हौशी बिनतारी यंत्रांची किंमत आणि वर्णनाची भाषा

१. भाव, किंमत आणि मोल

भाव, किंमत आणि मोल हे तीन शब्द मराठीत परस्परांचे पर्याय मानले जातात. प्रत्यक्ष वापर पाहिला तर त्यांची क्षेत्रे बरीच वेगळी असल्याचे दिसते. ‘टोमॅटोचा भाव’, ‘बाजरीचा भाव’, ‘सोन्याचा भाव’ असे सर्रास म्हटले जाते. ‘आजोबांच्या घड्याळाचा भाव’ असे कोणी म्हणत नाही. घड्याळाची ‘किंमत’ असते. आणि तेच घड्याळ वडिलांच्या मृत्यूनंतर मुलाकडे आले की त्याचे ‘मोल’ त्याला कळते. भाव हा वस्तूच्या जातीला असतो, किंमत त्या जातीतील एका विशिष्ट वस्तूला असते आणि मोल हे ती वस्तू व एखादी व्यक्ती यांच्या संबंधातून उत्पन्न होते, असे या भेदाचे स्थूल स्वरूप सांगता येईल. शब्दांच्या व्युत्पत्तीवरून हा भेद निघत नाही. ‘मोल’ हा संस्कृत ‘मूल्य’ या शब्दावरून आला, ‘किंमत’ अरबीतून फारसीच्या मार्गाने आला, ‘भाव’ संस्कृतच आहे. भेद रूढीने घडविलेला आहे आणि तो व्यवहाराच्या स्वरूपाशी नीट जुळतो.

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची क्रेटे येतात. एक क्रेट आणि दुसरे क्रेट यांत फरक असतो, पण तो प्रतवारीने आवाक्यात आणता येतो. त्यामुळे सकाळच्या व्यवहारांतून त्या दिवसाचा भाव निघतो. मंचरच्या बाजारात कांद्याचे तसेच होते. अशा मालाचा खरेदीदार स्वतः फारसा विचार न करताही फसत नाही, कारण विचार करण्याचे काम बाजाराने त्याच्यासाठी आधीच केलेले असते. ज्या वस्तूला भाव नाही, केवळ किंमत आहे, तिच्या बाबतीत हे काम खरेदीदाराला स्वतः करावे लागते. या प्रकारच्या वस्तूंचे एक उत्तम उदाहरण म्हणजे हौशी बिनतारी संदेशवहनाची, म्हणजेच बोलीतल्या ‘हॅम रेडिओ’ची, जुनी यंत्रे होत. ‘याचा भाव काय?’ हा प्रश्न या यंत्रांविषयी वारंवार विचारला जातो आणि त्या प्रश्नातच चुकीच्या किमतीचे बीज असते.

प्रस्तुत लेखाचा विषय अशा यंत्रासाठी किती पैसे द्यावेत हे ठरविण्याची रीत हा आहे. ही रीत हिशेबाची आहे हे खरे. तथापि हिशेबाच्या आधी वर्णन येते, आणि वर्णनातील शब्द सैल असतील तर पुढील हिशेब कितीही काटेकोर असला तरी व्यर्थ ठरतो. म्हणून हा विषय जितका यंत्रज्ञाचा, तितकाच भाषेच्या अभ्यासकाचाही आहे.

२. जुन्नर-आंबेगाव आणि रेडिओ

जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत रेडिओची ओळख तीन वेगवेगळ्या वाटांनी झालेली आहे. १९५३ मध्ये आकाशवाणीचे पुणे केंद्र सुरू झाले आणि १९५६ मध्ये युनेस्कोच्या सहकार्याने शेतकी रेडिओ मंडळांचा प्रसिद्ध प्रयोग पुण्यासह पाच मराठीभाषी जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत करण्यात आला. गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी आणि प्रश्न केंद्राकडे पाठवावेत, अशी त्याची योजना होती. दुसरी वाट आर्वीची. नारायणगावजवळच्या या गावी १९७० च्या दशकाच्या आरंभी परदेशी दळणवळणासाठी उपग्रह भूकेंद्र उभे राहिले व त्याला विक्रम साराभाई यांचे नाव देण्यात आले. तिसरी वाट खोडदची. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली येथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभारली. ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲन्टेना, त्यांपैकी १४ मध्यवर्ती भागात आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर, अशी तिची रचना आहे. जागा निवडताना मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी असणे ही एक प्रमुख कसोटी होती.

या पार्श्वभूमीमुळे या भागातील महाविद्यालये, शाळा आणि हौशी मंडळी यांच्या मनात जुन्या रेडिओ यंत्रांविषयी कुतूहल असणे स्वाभाविक आहे. परंतु हाच इतिहास एका घोटाळ्यालाही कारण होतो. वाड्याच्या माळ्यावरून उतरविलेला मोठा लाकडी पेटीचा रेडिओ, ग्रामपंचायतीतील जुना सार्वजनिक संच आणि हौशी संदेशवाहकाचा ग्राही या तिन्हींना विक्रेते ‘जुना हॅम रेडिओ’ असे एकच नाव देतात. वस्तुतः पहिले दोन संच प्रसारण ऐकण्यासाठी बनविलेले असतात. हौशी ग्राहीमध्ये जवळजवळच्या दोन केंद्रांना वेगळे करण्याची शक्ती अधिक असते, तबकडीवर हौशी पट्टे ताणून दाखविलेले असतात, आणि मोर्स संकेत ऐकू यावेत म्हणून बीएफओ नावाचे छोटे आंदोलक मंडल असते. हे मंडल नसेल तर मोर्सचे ठिपके व रेघा केवळ फुसफुस म्हणून ऐकू येतात आणि एकपार्श्व पद्धतीचे बोलणे दुर्बोध होते. तेव्हा किमतीचा पहिला प्रश्न ‘किती जुना?’ हा नसून ‘कोणत्या जातीचा?’ हा आहे.

३. बेल्ह्याच्या बाजारातील शब्द

जुन्नर तालुक्यातील बेल्हे येथे सोमवारी भरणारा बैलबाजार प्रसिद्ध आहे. बैलालाही भाव नसतो. प्रत्येक बैलाची किंमत वेगळी असते. तरीही बैलाच्या वर्णनाची भाषा विलक्षण नेमकी आहे. दुधाचे दात न पडलेला तो ‘आदत’, दोन कायमचे दात आलेला तो ‘दुसा’, चार आलेला ‘चौसा’, पुढे ‘सहा दाती’, आणि खालच्या जबड्यातील आठही पुढचे दात आलेला तो ‘जुळलेला’. या शब्दांचे वैशिष्ट्य हे की, त्यांतील प्रत्येकाची खातरजमा जागच्या जागी होते. विक्रेत्याने ‘चौसा आहे’ म्हटले की घेणारा बैलाचा जबडा उघडून पाहतो. शब्द आणि दात यांत विसंगती आढळली तर शब्द खोटा ठरतो, दात नव्हे. बैलाचे कूळ, त्याची आजवरची कामगिरी, मालकाची त्याच्यावरील माया यांविषयी बरेच बोलले जाते. पण दात मोजल्याशिवाय पैसे मोजले जात नाहीत.

एडवर्ड सपीर यांनी प्रतवारीच्या अर्थविचारावर लिहिलेल्या व १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात असे दाखविले की, ‘मोठा’, ‘चांगला’, ‘थोडा’ यांसारखे शब्द निरपेक्ष गुण सांगत असल्याचा भास निर्माण करतात, परंतु त्यांच्या मुळाशी न सांगितलेली तुलना असते. ‘जुना’, ‘दुर्मिळ’, ‘उत्तम’ हे शब्द याच जातीचे आहेत. ‘चौसा’ हा शब्द मात्र तुलनेचा राहिलेला नाही. तो मोजणीचा झालेला आहे. जुन्या यंत्रांच्या बाजाराची अडचण अशी की, तेथे सपीरच्या अर्थाने प्रतवारीचे शब्द विपुल आहेत आणि बेल्ह्याच्या अर्थाने दाताचे शब्द अत्यल्प आहेत. खरेदीदाराचे काम म्हणजे पहिल्या प्रकारच्या शब्दांचे दुसऱ्या प्रकारात रूपांतर करणे होय. पुढील विवेचनात अशा चार शब्दांचा विचार केला आहे.

४. चार शब्दांची तपासणी

(अ) ‘चालू’. हा शब्द मराठीत अनेकार्थी आहे, आणि यंत्राच्या बाबतीतही तो निदान चार वेगळ्या गोष्टी सांगतो : दिवे लागतात, कर्ण्यातून काहीतरी आवाज येतो, काही केंद्रे ऐकू येतात, सर्व पट्ट्यांवर यंत्र त्याच्या मूळ क्षमतेने काम करते. या चार पायऱ्यांमध्ये किमतीचे मोठे अंतर आहे. तत्त्वज्ञ ग्राइस यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात संभाषणातील सहकार्याचे जे नियम मांडले, त्यांपैकी पुरेशी माहिती देण्याचा नियम येथे उपयोगी पडतो. ज्याला केंद्रे ऐकू आली आहेत तो ‘दिवे लागतात’ एवढेच सांगून थांबत नाही. यास्तव विक्रेत्याने सांगितलेली पायरी हीच वरची मर्यादा समजावी आणि तिच्या पुढचे काहीही गृहीत धरू नये.

‘चालू’ या शब्दाचा दात कोणता? एक साधी कसोटी अशी : ग्राही सुरू करून एखाद्या रिकाम्या जागी लावावा आणि एरियलची तार काढावी व पुन्हा जोडावी. तार जोडताच खरखर स्पष्टपणे वाढली तर संचाचा स्वतःचा गोंगाट बाहेरून येणाऱ्या गोंगाटापेक्षा कमी आहे, म्हणजे त्या पट्ट्यावर तो पुरेसा संवेदनक्षम आहे. ही कसोटी प्रत्येक पट्ट्यावर वेगळी घ्यावी. शहरात चार्जर, एलईडी दिवे आणि यंत्रसामग्री यांचा गोंगाट इतका असतो की मंद झालेला संचही तीत उत्तीर्ण होतो. खोडद परिसरासारख्या शांत ठिकाणी तीच कसोटी कठोर ठरते. पुण्याच्या जुन्या बाजारात ‘उत्तम ऐकू येतो’ म्हणून घेतलेला संच गावी आणल्यावर मुका वाटावा, याचे एक कारण हे आहे. तबकडीचा खरेपणा पाहण्यासाठी १० मेगाहर्ट्‌झवर ऐकू येणारे कालसंकेत उपयोगी पडतात.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवली पाहिजे. अनेक दशके पडून राहिलेल्या संचातील कागदी व इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बहुधा गळके झालेले असतात. असा संच थेट विजेवर लावून पाहणे म्हणजे त्याचा ट्रान्सफॉर्मर पणाला लावणे होय. मालिकेत दिवा जोडून प्रवाह मर्यादित ठेवावा, आणि दिवा सतत प्रखर राहिल्यास तत्काळ थांबावे. शिवाय अमेरिकेत वापरासाठी बनविलेले बहुतेक संच सुमारे ११५ व्होल्टचे असतात. आपल्याकडील २३० व्होल्टवर ते थेट जोडल्यास जळतात. ‘काल लावून पाहिला, चालू होता’ या वाक्यानंतर ‘कशावर लावला?’ हे विचारणे म्हणूनच आवश्यक आहे. काही स्वस्त संचांत ट्रान्सफॉर्मरच नसतो व सांगाड्यालाच वीज पोचू शकते. तेथे प्रश्न किमतीचा न राहता जिवाचा होतो.

(आ) ‘पूर्ण’. पूर्णता ही यंत्राच्या रचनेवरून ठरते, डोळ्यांना दिसणाऱ्या पेटीवरून नव्हे. अमेरिकेतील नॅशनल कंपनीचा १९३५ च्या सुमारास बाजारात आलेला एचआरओ हा ग्राही याचे चांगले उदाहरण आहे. त्यात पट्टा बदलण्यासाठी बटण नाही. पुढच्या बाजूने कॉइलचा एक डबा ओढून काढायचा व दुसरा बसवायचा. सुमारे १.७ ते ३० मेगाहर्ट्‌झ एवढा विस्तार ऐकण्यासाठी चार डबे लागतात. तबकडीवर ० ते ५०० असे केवळ आकडे असतात. त्या आकड्यांवरून वारंवारता काढण्याचा आलेख प्रत्येक डब्याच्या तोंडावर लावलेला असतो. वीजपुरवठ्याची पेटी आणि कर्णा वेगळे. तेव्हा एकच डबा असलेला एचआरओ दिसायला अखंड असला तरी तो पाव यंत्र आहे. आणि डबे चार असून आलेख नाहीसे झाले असतील तर तो अंध आहे. ‘पूर्ण आहे का?’ या प्रश्नाला ‘हो’ हे उत्तर निरुपयोगी आहे. ‘डबे किती, आलेख किती, पुरवठ्याची पेटी आहे का?’ हे प्रश्न दाताचे आहेत.

(इ) ‘मूळ’ किंवा ‘अस्सल’. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराला नको झालेली यंत्रे मोठ्या प्रमाणात विक्रीस आली आणि हौशी मंडळींनी ती घेतली. अमेरिकी बॉम्बफेकी विमानांतील बीसी-३४८ हा ग्राही त्यांपैकीच. तो २८ व्होल्टवर चालणारा, पोटात डायनामोटर असलेला. घरी वापरायचा तर डायनामोटर काढून त्या जागी घरगुती विजेचा पुरवठा बसविणे क्रमप्राप्त होते. भारतात तर स्वातंत्र्योत्तर काळात आयातीवर निर्बंध असल्याने मूळ व्हॉल्व्ह मिळेनात, म्हणून हाती असलेले बसवावे लागले, आणि पुष्कळांनी संपूर्ण यंत्रेच घरी घडविली. यास्तव ‘मूळ’ या शब्दाने तीन गोष्टी सुचविल्या जाऊ शकतात : कारखान्यातून निघाले तसे, पहिल्या हौशी मालकाने वापरले तसे, किंवा सध्याच्या विक्रेत्याच्या हाती आले तसे. संग्राहक पहिल्या अर्थाला अधिक पैसे देतो. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र दुसरा अर्थ अधिक मोलाचा वाटावा, कारण टंचाईच्या काळात केलेला नीटनेटका बदल हाच त्या काळाचा पुरावा असतो. बदल कोणता, कोणी, केव्हा आणि पूर्ववत करता येण्यासारखा आहे किंवा कसे, हे विचारल्याशिवाय ‘मूळ’ या शब्दासाठी एक रुपयाही अधिक देऊ नये.

(ई) ‘दुर्मिळ’. दुर्मिळता ही पुरवठ्याची बाजू आहे; मागणीविषयी ती काही सांगत नाही. जगात एकच उरलेले आणि कोणालाच नको असलेले यंत्र स्वस्तच असते. उलट महायुद्धात विपुल प्रमाणात बनलेल्या यंत्रालाही चांगली किंमत येते, कारण त्याचे व्हॉल्व्ह मिळतात, नकाशे मिळतात व जाणकार भेटतात. उपयोगाची मर्यादाही पाहावी. बीसी-३४८ वरच्या बाजूस १८ मेगाहर्ट्‌झपर्यंतच जातो. २१ व २८ मेगाहर्ट्‌झचे हौशी पट्टे त्यावर ऐकता येत नाहीत. ज्याला यंत्र वापरायचे आहे त्याच्यासाठी ही उणीव आहे. ज्याला ते मांडणीत ठेवायचे आहे त्याच्यासाठी नाही. याच कारणाने एकाच यंत्राची दोन माणसांना परवडणारी किंमत भिन्न असणे हे अन्यायाचे लक्षण नव्हे.

५. हिशेब

वर्णन असे निश्चित झाल्यावर हिशेब अवघड राहत नाही. प्रथम त्याच जातीचे, पूर्ण व सुस्थितीतील यंत्र प्रत्यक्ष किती रकमेस विकले गेले हे शोधावे. येथे सांगितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांतील भेद महत्त्वाचा आहे. अवाच्या सवा किंमत सांगितलेले यंत्र विकले जात नाही, म्हणून ते महिनोन्‌महिने विक्रीस दिसत राहते. वाजवी किमतीचे यंत्र दोन दिवसांत दृष्टिआड होते. परिणामी कोणत्याही क्षणी जेवढ्या किमती नजरेस पडतात त्यांत चढ्या किमतींचे प्रमाण वास्तवापेक्षा अधिक असते. परदेशातील किमतींना डॉलरच्या दराने गुणणे हीदेखील रीत नव्हे, कारण तेथील खरेदीदार, विद्युतदाब, सुटे भाग आणि वाहतूक यांपैकी काहीच येथे तसे नसते. त्याचप्रमाणे मूळ मालकाने त्या काळी किती पैसे मोजले होते, हा आकडा कितीही जिव्हाळ्याने सांगितला गेला तरी आजच्या किमतीशी त्याचा संबंध नाही.

पुढील आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतलेले आहेत. ते कोणत्याही यंत्राचे भाव नव्हेत. समजा, सुस्थितीतील पूर्ण यंत्राची सिद्ध किंमत ३०,००० रुपये आहे. समोरच्या यंत्रात कॉइलचे दोन डबे नाहीत, ते मिळविण्यास ५,००० लागतील, वीजपुरवठ्याची पेटी ३,०००, कंडेन्सर बदलणे व जुळणी ४,०००, वाहतूक १,५००. एकूण वजावट १३,५०० झाली व १६,५०० उरले. वाहतूक क्षुल्लक मानू नये. एआर-८८ सारखा ग्राही सुमारे ४५ किलो वजनाचा असतो आणि व्हॉल्व्ह काचेचे असतात. आता न दिसणारा धोका. ट्रान्सफॉर्मर किंवा आतील कॉइल जळलेली असण्याची शक्यता चारात एक आहे आणि तसे झाल्यास ६,००० खर्च येईल, असे धरल्यास आणखी १,५०० वजा होतात. उरलेले १५,००० ही खरेदीदाराची कमाल किंमत. बोली तिच्या खालून सुरू व्हावी आणि तिच्यापाशी थांबावी.

लिलावात ही मर्यादा आधी कागदावर लिहून ठेवणे विशेष आवश्यक आहे. अनेकांनी एकाच वस्तूचा अंदाज बांधला की काहींचा अंदाज खऱ्यापेक्षा कमी व काहींचा अधिक असतो. आणि वस्तू मिळते ती ज्याचा अंदाज सर्वांत अधिक चुकला त्याला. जिंकणे हीच येथे अधिक पैसे दिल्याची खूण असते. तेलक्षेत्रांच्या लिलावांवरून १९७१ मध्ये अमेरिकी अभियंत्यांनी दाखविलेला हा न्याय एका रेडिओलाही लागू पडतो.

या हिशेबात ‘हौसेला मोल नाही’ या म्हणीला जागा आहे काय? आहे, परंतु वेगळ्या रकान्यात. विक्रेता १८,००० वर अडून बसला आणि खरेदीदाराला ते यंत्र मनापासून हवे असेल तर त्याने ३,००० अधिक द्यावेत. मात्र ते यंत्राची किंमत म्हणून नव्हे, स्वतःच्या हौसेचे मोल म्हणून. ‘हौस’ व ‘हौशी’ हे शब्द अरबी ‘हवस’पासून आले, मूळ शब्दातील अनिवार इच्छेचा अर्थ मराठीत सौम्य होऊन त्याला निर्मळ आनंदाची छटा आली. हा आनंद विकत घेण्यात गैर काही नाही. दोन रकमा एकत्र मिसळल्या की मात्र पुढच्या विक्रेत्याला वाटते की यंत्राचीच किंमत १८,००० आहे, आणि हौसेचा आकडा बाजाराचा आकडा होऊन बसतो. खरेदी एखाद्या विभागाच्या वा शाळेच्या पैशाने होत असेल तर दुसरा रकाना रिकामाच ठेवला पाहिजे.

६. कथा आणि कागद

जुन्या यंत्राबरोबर बहुधा एक कथाही विकली जाते. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच हौशी प्रक्षेपणावर बंदी आली. १९४२ मध्ये मुंबईत उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी भूमिगत काँग्रेस रेडिओ चालविला. या इतिहासाचे तेज इतके आहे की त्या काळातील कोणत्याही यंत्राला त्याच्याशी जोडण्याचा मोह होतो. काँग्रेस रेडिओची सामग्री नोव्हेंबर १९४२ मध्ये पोलिसांनी जप्त केली होती. तेव्हा असा दावा करणाऱ्याने यंत्र पोलिसांच्या ताब्यातून पुढे कोठे व कसे गेले हेही दाखविले पाहिजे. कथा खोटीच असते असे नाही. पण तिचे पैसे द्यायचे असतील तर तिचाही दात पाहिला पाहिजे.

कथेचे दात म्हणजे कागद. हौशी संदेशवाहक परस्परांना संपर्काची पोच म्हणून पत्रे पाठवीत आणि त्यांवर आपल्या प्रेषकाचे व ग्राहीचे नाव लिहीत. संपर्कांची नोंदवही असे. घरगुती रेडिओसाठी डाकघरातून मिळणारे परवाना-पुस्तक असे. ती पद्धत पुढे बंद झाली, परंतु जुनी पुस्तके अनेक घरांत सापडतात. यंत्रावरील क्रमांक आणि कागदावरील क्रमांक जुळला तर कथा सिद्ध होते व तिच्यासाठी अधिक रक्कम देणे योग्य ठरते. यंत्र विकताना हे कागद रद्दीत घालण्याची प्रथा म्हणूनच दुर्दैवी आहे. प्रेषक विकत घेताना आणखी एक कागद लागतो : शासनाचा परवाना. परवान्याशिवाय प्रेषक चालविणे गुन्हा आहे, आणि जुनेपणामुळे त्यातून सूट मिळत नाही.

७. किमतीवर काय अवलंबून आहे

अर्थशास्त्रज्ञ ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणावरून असे दाखविले की, विक्रेत्याला वस्तूचे दोष ठाऊक आणि खरेदीदाराला अज्ञात असतील तर चांगला माल हळूहळू बाजारातून बाहेर पडतो. कारण सर्वांनाच सरासरी किंमत मिळते आणि चांगल्या मालाच्या मालकाला ती परवडत नाही. जुन्या हौशी यंत्रांच्या बाबतीत हे ज्ञानाचे पारडे पुष्कळदा उलटे असते. विक्रेती ही दिवंगत हौशी संदेशवाहकाची पत्नी वा मुले असतात. त्यांना त्या पेट्यांविषयी काहीच माहिती नसते. खरेदीदार जाणता असतो. त्याने मौन पाळले तर त्याला यंत्र कवडीमोलाने मिळते. परंतु पुढच्या घरी ही वार्ता पोचते आणि ते घर एकतर अवास्तव रक्कम मागते, किंवा कटकट नको म्हणून सर्व सामान भंगारात देते.

भंगाराची किंमत ही या सर्व किमतींचा तळ आहे, आणि तिला मात्र खरोखरच भाव असतो : तांबे, ॲल्युमिनियम व लोखंड यांचा किलोचा भाव. जड ट्रान्सफॉर्मरमुळे जुने यंत्र भंगारवाल्याला आवडते. यंत्राची सांगितलेली किंमत फार कमी असली तर ते भंगाराच्या तराजूत जाते. फार अधिक असली तर ते कोणी घेत नाही, पावसाळ्यांमागून पावसाळे माळ्यावर गंजते आणि अखेरीस त्याच तराजूत जाते. यंत्र टिकते ते या दोन चुकांच्या मधल्या जागेत. म्हणून वाजवी किंमत काढणे हा केवळ खरेदीदाराच्या खिशाचा प्रश्न नसून ती वस्तू उरेल की वितळेल याचा प्रश्न आहे.

जुन्नर-आंबेगावसारख्या भागातील शाळा-महाविद्यालयांना आणि यंत्रे विकू पाहणाऱ्या कुटुंबांना यातून एक अल्पखर्चिक उपाय सुचतो. तो म्हणजे एका पानाचे वर्णनपत्र. त्यात यंत्राची जात व क्रमांक, विद्युतदाब, सुट्या भागांची मोजणी, केलेले बदल, प्रत्येक पट्ट्यावरील एरियल-कसोटीचा निकाल आणि उपलब्ध कागदपत्रे यांची नोंद असावी. ‘चालू’, ‘उत्तम’, ‘दुर्मिळ’ व ‘अस्सल’ हे शब्द त्यात नसावेत. विक्रेत्याला काही ठाऊक नसेल तर जाणत्या खरेदीदाराने ते स्वतः भरून त्याची एक प्रत त्याला द्यावी. असे पत्र दोघांच्या हाती असले म्हणजे किमतीवर मतभेद राहिला तरी वस्तूवर राहत नाही.

तात्पर्य, ज्या वस्तूला भाव नाही तिच्या बाबतीत शब्दच बाजाराचे काम करतात, आणि ते काम त्यांना पेलावे यासाठी प्रत्येक शब्दाला वस्तूवर एक दात सापडला पाहिजे. ज्या शब्दाची खातरजमा होते त्याचेच पैसे द्यावेत. ज्याची होत नाही तो ऐकून घ्यावा. बेल्ह्याच्या बाजारात हा नियम कोणी लिहून ठेवलेला नाही, परंतु तेथे तो पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो.